कुंपणाच्या अलीकडची हवा

हिराबाई आणि त्यांच्या गावातल्या बोंबील सुकवणाऱ्या बायांवर अन्याय झाला तो गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, समुद्राचं पाणी ओसरत असताना. दसऱ्याला त्यांनी दर वर्षीसारखे वाळूत बांबू रोवले होते, बांबूंना झेंडू बांधला होता, नारळ फोडला होता. दुसऱ्या सकाळी त्या दोऱ्या घेऊन आल्या तर बांबू उपटून एका कडेला रचलेले, झेंडू तसाच, आणि त्यांच्या जागेभोवती हिरव्या जाळीचं कुंपण. कुणी विचारलं नाही, कुणी आगाऊ सांगितलं नाही. कारण मागाहून कळलं. शेजारच्या नव्या इमारतीत ज्यांनी फ्लॅट घेतले होते त्यांना वास येत होता.

हे मी आधीच लिहून ठेवते. कारण पुढे समुद्र येणार आहे, आणि समुद्र आला की माझं भान सुटतं. तेव्हाही सुटलं होतं.

मी चंद्रपूरची. प्रदूषणाविरुद्ध पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते, वाटताना ओरडते. आमच्याकडचा उन्हाळा आणि आमच्याकडची कोळशाची धूळ यांच्यावर मी जेवढा कागद काळा केलाय तेवढा धुळीनंही केला नसेल. पण घरात आईचा दमा वाढत गेला. डॉक्टर म्हणाले, “हवा बदला.” मला त्या दोन शब्दांचा संताप आला. हवा काय चादर आहे बदलायला? आम्ही वर्षानुवर्षं वरच्यांना सांगतोय हवा बदला, तिकडे कुणी ढिम्म हलत नाही. आणि जिची छाती भरून येते तिलाच सांगायचं, तू हल.

पण आई मरायला नको होती मला. म्हणून मार्गशीर्षात आम्ही दोघी निघालो. माझा मोठा भाऊ प्रशांत बोईसरला कारखान्यात नोकरी करतो, सालवडला खोली घेऊन राहतो. त्यानं फोनवर सांगितलं, “इकडे या. बोईसर बघा, पालघर बघा, समुद्रकाठ बघा. आईला जिथं बरं वाटेल तिथं घर.” गाव निवडायला निघालेली माणसं मी त्याआधी फक्त जाहिरातींत पाहिली होती. टेकून बसलेले, हसणारे, पांढरे कपडे घातलेले. आम्ही दोघी तशा नव्हतो. आमच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि आईचा दम्याचा पंप होता.

जागा तपासायची आईची पद्धत तिची स्वतःची होती. दादाला शिव्या द्यायच्या. लग्न करत नाही, फोन करत नाही, वजन घटलं, बनियन फाटलेली घालतो, अशी एक लांबलचक ओळ तिची ठरलेली आहे. चंद्रपुरात ती बनियनपर्यंत पोचत नाही. मध्येच श्वास अडकतो आणि तेवढ्यात दादा निसटतो. “जेथं मी बनियनपर्यंत पोचीन,” आई गाडीत म्हणाली, “तेथं राहीन.”

उमरोळी

पहिली चूक माझी. दादा म्हणाला होता, “पालघरनंतरच्या स्टेशनला उतरा.” आम्ही उतरलो. गाडी निघून गेली तेव्हा पाटी वाचली, उमरोळी. दादाच्या हिशेबात ते स्टेशन नव्हतंच. त्याच्यासाठी पालघरनंतर थेट बोईसर येतं, कारण त्याचा कारखाना बोईसरला आहे. माणूस जिथं कमावतो तेवढाच नकाशा त्याच्या डोक्यात राहतो.

पण चूक झाली ते बरं झालं. पूर्वेला डोंगर असे उभे होते की कुणीतरी नुकतेच धुऊन वाळत घातलेत. कापलेल्या भाताच्या खुंटांमध्ये वालाची हिरवी पानं वर आली होती. आई बाकावर बसून नुसती श्वास घेत राहिली. आमच्या गावी श्वास ही करायची गोष्ट आहे. तिथं तो आपोआप होत होता.

शेजारी डोंगराकडचं एक कुटुंब बसलं होतं. गुंडाळलेली चटई, भांड्यांचं गाठोडं, टोपलीत एक कोंबडी. बाई माझ्याएवढीच, नाव यमुना. कुठं निघालात विचारलं तर म्हणाली, “वीटभट्टीवर. वसईच्या अंगाला.”

“घर सोडून?” आईनं विचारलं.

“घर कुठं पलतंय? पावसाला येऊ ना माघारी. भात लावायला.” मग तिनं आमच्या पेटीकडे पाहिलं. “तुमी कुठं कामाला?”

“कामाले नाही बाई. हवेसाठी. डॉक्टर म्हणाला, हवा बदला.”

यमुनानं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं तिच्याकडे, आणि दोघं असे हसले की कोंबडी दचकली. “हवेसाठी!” ती म्हणाली. “आमच्याकडं या मंग. आमच्याकडं हवा लय हाय. हवाच हाय.”

मी पत्रक लिहिणारी मुलगी. इतक्या कमी शब्दांत इतकं मला एकदाही जमलेलं नाही. त्यांची गाडी आली, त्यांनी गाठोडी उचलली. जाताना यमुना आईला म्हणाली, “बरी व्हा गो.” भट्टीच्या धुरात निघालेली बाई हवेसाठी निघालेल्या बाईला हे म्हणत होती.

तासाभरानं दादा रिक्षा घेऊन आला, घामाघूम. आईनं तिथल्या तिथे ओळ सुरू केली. लग्न, फोन, वजन... आणि रिक्षाचा धूर आला.

सालवड, बोईसर

दादाची खोली चाळीत, वरच्या मजल्यावर. खाली वाहणारा रस्ता बघून मी थक्क झाले हे कबूल करते. कारखान्यांची पाळी सुटली की माणसांचा लोंढा येतो. डबे, सायकली, डोक्याला गुंडाळलेले पंचे. भोजपुरी, ओडिया, गुजराती, आमच्या तिकडची वऱ्हाडीसुद्धा ऐकू येते आणि सगळ्यांच्या मध्ये हिंदी धाग्यासारखी फिरते. एका चिंचोळ्या गल्लीत कुणी बिहारी लिट्टी भाजत होतं, समोर कुणी भाकरी थापत होतं. इतकी माणसं इतक्या लांबून येऊन इतक्या कमी जागेत एकमेकांना वाट देत राहतात, याला मोठेपणा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

संध्याकाळी शेजारच्या सुनीताभाभी दार न वाजवता आत आल्या. त्यांनी आधी खिडकी लावली, मग नमस्कार केला. “दीदी, शाम को ये खिड़की मत खोलना. माँजी को तकलीफ होगी.”

“तकलीफ तो आपको भी होती होगी,” मी म्हटलं.

“हमको तो आदत है.”

सवय! ज्यांनी ही हवा केली ते या खोल्यांत राहत नाहीत. जे राहतात त्यांच्या गालावर मात्र सवय नावाचा शिक्का मारून ठेवलाय. सालवडच्या लोकांनाही फुप्फुसं आहेत. त्यांना गाव निवडायला कुणी नेत नाही एवढंच. मी हे सगळं मोठ्यानं बोलले असावे, कारण दादा म्हणाला, “हळू. भिंती पातळ आहेत.”

त्या रात्री आईला पंप दोनदा लागला. सकाळी तिनं दादाला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि ‘लग्न’ या शब्दावरच थांबली. सुनीताभाभींनी आलं घालून चहा पाठवला. आई म्हणाली, “माणसं चांगली हायत. पण मी येथं राहीन तर तुह्या लग्नापर्यंतच पोचीन.”

पालघर

पालघरनं आम्हाला चांगलं वागवलं. जिल्ह्याचं ठिकाण झाल्यावर उभ्या राहिलेल्या रुंद रस्त्यांवरून चालताना वाटतं की गाव अजून अंगात न बसलेले नवे कपडे घालून हिंडतंय. पण स्टेशनजवळच्या बाजारात शिरलं की जुनं गाव भेटतं. ताडगोळे नव्हते, तो हंगाम नव्हे. वालाच्या शेंगा, कोनफळं, पालेभाज्यांच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्या. आईनं प्रत्येक भाजीचं नाव विचारलं. आमच्या तिकडे याला काय म्हणतात तेही सांगितलं आणि शेवटी एका बाईशी वांग्यावरून भांडलीसुद्धा. भांडली म्हणजे बरी आहे.

रस्त्याच्या कडेला उकडहंडी खाल्ली. मातीच्या मडक्यात शेंगा, कंद, रताळी, मसाला भरून, पाल्यानं तोंड बंद करून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. फोडलं की जी वाफ येते ती आधी नाकानं जेवायची. आमच्याकडे हुरड्याचा थाट असतो, पण हुरडा चटकन संपतो. हे मडकं बराच वेळ गप्प राहून मग एकदम सगळं बोलून टाकतं. आईनं त्या वाफेवर तोंड धरलं. मी घाबरले, तिला खोकला येईल. आला नाही.

मग तिनं पदरानं हात पुसले आणि दादाकडे वळली. लग्न, फोन, वजन. थोडं थांबली. “...बनियन,” म्हणाली.

मी टाळ्या वाजवल्या. माझ्यापुरतं ठरलं होतं. पालघर. स्टेशन जवळ, दवाखाने जवळ, दादाची नोकरी जवळ. पण दादा मिश्यांत हसत होता. “अजून एक जागा आहे,” म्हणाला. “ती बघितल्याशिवाय ठरवू नका.”

त्यानं आम्हाला न सांगता घर पाहून ठेवलं होतं. पाहून काय, बुक केलं होतं.

समुद्रकाठचं ते गाव

गावाचं नाव लिहीत नाही. दातिवऱ्याच्या त्या अंगाला, मच्छीमारांचं, एवढं पुरे. नाव छापू का म्हणून मी हिराबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “नको गो बाय. उद्या आनखी गाड्या येतील हवा खायाला.”

वाटेत पानवेलींच्या वाड्या लागल्या. आत इतका गर्द, ओला काळोख की भर दुपारी कुणीतरी संध्याकाळ राखून ठेवल्यासारखी. विहिरी, केळी, नारळ, कौलारू घरं. मग झाडं विरळ झाली, वाळू सुरू झाली, रिक्षा थांबली.

आईनं समुद्र कधीच पाहिला नव्हता. साठी ओलांडलेली माझी आई वाळूत चप्पल हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, “याले पलीकडचा काठ नाही का?”

“आहे. दिसत नाही.”

“मंग एवढा वारा येते कोठून?”

मी वाऱ्यावर पत्रकं काढते, पण वारा मोजलाय तो नेहमी त्यातल्या घाणीवरून. ज्यात काहीच मिसळलेलं नाही असा वारा अंगावर आला तेव्हा माझ्याकडे त्याच्यासाठी शब्दच नव्हता. पदर उडत होता, केस उडत होते, आईच्या छातीतली ती बारीक शिट्टी ऐकू येत नव्हती. मी कान लावून ऐकलं. नव्हती.

मग मला त्या झालरी दिसल्या. गावभर. घरांच्या गच्चीवर, दोन उभ्या होड्यांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेच्या खांबांना, जिथं दोरी बांधता येईल तिथं दोऱ्या, आणि दोऱ्यांवर गुलाबी-रुपेरी काहीतरी दाटीनं लटकलेलं. ऊन त्यातून आरपार जात होतं. वारा आला की सगळं गाव झुळझुळायचं. कुठला सण आहे, मी विचारणार होते.

आई पुढे गेली, हात लावला, वास घेतला आणि ओरडली, “अगं, बोंबील हायत हे! आपल्या बाजारातले!”

आमच्या आठवडी बाजारात पोत्यावर ढीग घालून सुके बोंबील विकतात. आईनं जन्मभर चुलीत भाजलेत, कांद्यात घातलेत. चंद्रपूरच्या चुलीपर्यंत येणारी ती वाळलेली काडी कधी अशी चमकत होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आई त्या दोरीपाशी माहेरचं माणूस भेटावं तशी उभी राहिली.

“बघताय काय, हात लावा,” पाठून आवाज आला. “चावत नायत. मेलेत.”

ह्याच हिराबाई. पन्नाशीच्या, आवाज पार होडीपर्यंत जाणारा, कानात सोन्याच्या मोठ्या कुड्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. रस्त्यावर फतकल मारून बसल्या होत्या, पुढ्यात ओल्या बोंबलांची टोपली. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, की जोडी तयार. जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना गाठ, ना खिळा. माशानंच माशाला धरून ठेवायचं. मी एक जोडी लावून पाहिली. माझे बोंबील एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते.

“लग्न नाय झालं वाटतं तुजं,” हिराबाई म्हणाल्या. आई खदखदून हसली. दादाकडे बोट दाखवून म्हणाली, “याचंबी नाही!”

त्यांनी सांगितलं की हे काम निव्वळ वाऱ्याचं. सकाळी जमिनीवरून मतलई येते, कोरडी, दुपारी समुद्राकडनं खारा. दोन्ही लागले की माल पांढरा सुकतो. “लोकं हितं हवा खायाला येतात. आमी हवाच विकतो. बोंबलाला गुंडालून.”

“पण रस्त्यावर काहून?” आईनं विचारलं. “तेथं तर एवढी वाळू हाय.”

हिराबाईंचे हात थांबले नाहीत. त्यांनी हनुवटीनं दाखवलं. हिरवी जाळी, जाळीच्या मागे मोकळी वाळू, वाळूच्या मागे नवी कोरी इमारत, बाल्कन्यांना काचा. मग त्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं सगळं सांगितलं, जे मी वर लिहिलंय. आजेसासूपासूनची ती जागा. वलांडी म्हणतात तिला, म्हणजे हे बांबू आणि दोऱ्या. “कागद नाय आमच्याकडं. कागद कोन करतो वाऱ्याचा? बिल्डिंगवाल्यांनी सह्या केल्या, वास येतो, माश्या येतात. वास येतोच. मासलीला काय मोगऱ्याचा येल?”

आता रस्त्यावर गाड्यांची धूळ बसते, गच्चीवर जागा पुरत नाही, निम्मा माल काळा पडतो. माझं रक्त उसळलं. “कोण हे फ्लॅटवाले? नावं सांगा. मी त्यांचं पत्रक काढते. समुद्राची हवा पाहिजे, आणि समुद्रावर जगणारी माणसं नाकाला झोंबतात! ह्या लोकांना—”

“आपलाच आहे,” दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

“तिसऱ्या मजल्यावर. आईसाठी. आणि सही मीपण केली होती. व्हॉट्सॲपवर आलं, परिसर स्वच्छ ठेवण्यासाठी सगळ्यांनी करा. मी म्हटलं, आईला दमा आहे, वास नको.” त्याचे कान लाल झाले होते. “मला काय माहीत ते हे आहे.”

बोंबील वाऱ्यावर हलत होते. आईनं ओळ सुरूच केली नाही. हिराबाईंनी टोपली रिकामी केली, हात धुतले, आमच्याकडे एकदा नीट पाहिलं.

“भांडन मागनं,” म्हणाल्या. “लांबनं आलाव. आधी जेवा.”

तांदळाच्या पांढऱ्या, मऊसूत भाकऱ्या, ओल्या बोंबलाचं आंबट कालवण, सुक्या बोंबलाची लसूण घालून कुटलेली चटणी. ओला बोंबील तोंडात टाकला की नाहीसाच होतो. चटणी मात्र जिभेवर ठाण मांडते. हिराबाई दादाला वाढताना दर वेळी विचारत होत्या, “वास येतो काय रं?” दादा मान खाली घालून म्हणे, “नाही मावशी.” “मंग आनखी घे.” मी जिथं आवाज चढवला असता तिथं त्या भाकरी वाढत होत्या. दादानं पाच खाल्ल्या. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

आई मात्र जेवताना दारातून त्या जाळीकडे बघत होती. मी ओळखून होते तिच्या मनात काय आहे. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती पंपाला हात न लावता एवढं चालली होती. एवढं जेवली होती. ही हवा तिची होती. आणि ती हवा मिळवायची खोली त्या जाळीच्या पलीकडे होती.

जेवून हात धुतोय तोच हिराबाई अंगणात थबकल्या. मला काहीच वेगळं दिसलं नाही. ऊन होतं. फक्त दोरीवरचे बोंबील जे इतका वेळ एका बाजूला झुकत होते, ते आता दुसऱ्या बाजूला झुकायला लागले.

“वारा फिरला गो!” हिराबाई ओरडल्या.

पुढच्या घरातून तीच हाक पुढे गेली, त्याच्या पुढच्या घरातून आणखी पुढे. आणि सगळं गाव बाहेर पडलं. दक्षिणेकडे ढगांची काळी कड वर येत होती. अवकाळी. सुकत आलेल्या बोंबलावर चार थेंब पडले की माल संपला.

मी खूप मोर्चे पाहिलेत. असा पाहिला नव्हता. कुणी विचारत नव्हतं ही दोरी कुणाची. ज्याच्या हाताला जी लागेल ती त्यानं सोडायची, जे छप्पर जवळ असेल त्यात न्यायची. म्हातारे, शिकलेल्या मुली, जाळी विणणारे गडी, नवी सून, सगळे. कुणाचा माल कुणाच्या घरात गेला ते पाऊस गेल्यावर बघायचं, आणि त्यावरून भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही. मी धावत गेले आणि एकेक जोडी सोडवायला लागले. एक म्हातारी मला कोपरानं ढकलून म्हणाली, “सोडवतेस काय? काडीमोड हाय काय त्यांचा? दोरीच काढ!” मी खांबावरची गाठ सोडली, आख्खी दोरी गळ्यात घेतली आणि पळाले. आई पळत होती. माझी आई! तिच्या दोन्ही खांद्यांवर बोंबलांच्या माळा, आणि ती पळत होती.

पण घरं भरली. रस्त्याकडेच्या दोऱ्या अजून तशाच होत्या आणि जवळ छप्पर एकच होतं. इमारतीच्या खालचं गाडीतळ, वरून पक्कं, आतून रिकामं. मध्ये हिरवी जाळी, जाळीत छोटं फाटक, फाटकाला कुलूप. बाया जाळीपाशी थांबल्या. हातांत माळा, डोक्यावर ढग.

घर दाखवायला म्हणून दादानं सकाळीच बिल्डरच्या पालघरच्या ऑफिसातून घराच्या आणि फाटकाच्या किल्ल्या आणल्या होत्या. त्या त्याच्या खिशात होत्या. तो खिशावर हात ठेवून उभा होता. “मला विचारावं लागेल,” म्हणाला. “म्हणजे... सोसायटीचा नियम...”

तेव्हा आई सुरू झाली.

“नियम सांगून राह्यला मले, लग्न करत नाही, फोन करत नाही, वजन घटवून बसला, फाटकी बनियन घालते अन् सही करायले मात्र हात लांब, अरे ज्या बाईच्या हातची पाच भाकरी खाल्ली तिचा माल भिजून राह्यला अन् तू खिसा धरून उभा हायस, तुह्या आईले हवा पाहिजे म्हणून जिची हवा घेतली ती बाई हे हाय, बघ तिच्याकडं, बघ, अन् उघड ते फाटक!”

बनियनच्या कितीतरी पुढे. एकदाही न थांबता. वाऱ्यात, धावून आल्यावर, खांद्यावर ओझं घेऊन. दादा आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. आम्हाला दोघांनाही एकाच वेळी कळलं की तपासणी संपली.

दादानं फाटक उघडलं.

पहिला थेंब पडला तेव्हा शेवटची दोरी आत आली होती. गाडीतळाच्या खांबाखांबांना दोऱ्या बांधल्या गेल्या, आणि अर्ध्या तासात ती कोरडी, सिमेंटची, कुणाचीच नसलेली जागा झळाळून उठली. बाहेर पाऊस, आत गुलाबी-रुपेरी झालरी आणि बायांचा गलका. हिराबाई खांबाला टेकून बसल्या, पाय लांब केले आणि वर बघून म्हणाल्या, “चांगली बांधलीय रं बिल्डिंग. वारा येतो.”

त्याहून सुंदर घर मी पाहिलेलं नाही.

सकाळी फाटकाला नवं कुलूप होतं. कुणीतरी वरून फोटो काढून इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. दादाकडची फाटकाची किल्ली परत मागितली. माल बायांनी पहाटेच हलवला होता, म्हणून वाचला. जाळी आहे तिथंच आहे.

आईनं गाव निवडलं. हेच. पण ती राहते हिराबाईंच्या आळीत, भाड्याच्या खोलीत, कुंपणाच्या अलीकडे. दादा सुट्टीला बोईसरहून येतो, शिव्या खातो, भाकरी खातो. त्यानं सही मागे घेतली, तसं ग्रुपवर लिहिलं. मग त्याला ग्रुपमधून काढलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली बंद आहे. आईनं सांगून टाकलंय की जाळी निघेपर्यंत तिचा पाय तिथं पडणार नाही. पावसाळ्यात भाड्याच्या खोलीची भिंत ओल धरेल, तेव्हा तिच्या छातीचं काय होईल याची मला धास्ती आहे. तिला नाही. ती आता बोंबलांच्या जोड्या लावते. तिच्या बोंबलांचं पटतं.

मी चंद्रपूरला परत आले, कारण इथल्या हवेशी माझं भांडण अजून संपलेलं नाही. बाजारातून सुके बोंबील आणले आणि पिशवीत नाक घालून उभी राहिले. त्या वासात तो वारा होता.

ती जमीन कागदावर कुणाची, हा वाद चालेल तेवढा चालू दे. तुमचं काम त्याहून सोपं आहे. समुद्राची हवा पाहून तुम्ही कुठंही घर घेतलं असेल, आणि ‘वास येतो’ म्हणणाऱ्या कागदाखाली तुमचं नाव असेल, तर ते काढा. ग्रुपवर लिहून काढा, सगळ्यांना दिसेल असं. घर घ्यायचं अजून बाकी असेल तर आधी खाली उतरा आणि विचारा, या वाळूवर काय सुकत होतं. दसऱ्याला बाया पुन्हा बांबू घेऊन येतील. त्याच्या आत सही मागे घ्या आणि फाटक उघडा.